कापडी छपराचा मद्रासी इतिहास

१८०९च्या जूनमध्ये मद्रास इलाख्यातल्या कंपनी सरकारच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारविरुद्ध बंड केलं. मछलीपट्टणच्या ठाण्यात त्यांनी आपल्या वरिष्ठाला कैदेत टाकलं. पुढे श्रीरंगपट्टणचा किल्ला त्यांनी ताब्यात घेतला आणि हैदराबाद, जालन्याकडचे अधिकारीही बिथरले. ऑगस्टमध्ये श्रीरंगपट्टणजवळ गोळीबार झाला, त्यात मेले ते देशी शिपाई. या बंडामागे बढत्या, पगार, इंग्लंडच्या राजाच्या पलटणींना मिळणारा वरचढ मान अशा बऱ्याच तक्रारी होत्या. ठिणगी मात्र पडली तंबूंवरून.

व्यवस्था अशी होती. पलटणीचे तंबू आणि ते वाहणारी जनावरं बाळगण्याचा मक्ता पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्याकडेच असे. त्यासाठी त्याला दरमहा ठराविक रक्कम मिळायची. पलटण मोहिमेवर असो की मद्रासच्या आसपास बराकीत बसलेली असो, रक्कम तीच. क्वार्टरमास्टर जनरल जॉन मन्रो यांनी १८०७मध्ये यावर अहवाल लिहिला. (चेन्नईत ज्यांचा अश्वारूढ पुतळा आहे ते टॉमस मन्रो वेगळे.) या पद्धतीत अधिकाऱ्याचं कर्तव्य एकीकडे आणि फायदा दुसरीकडे जातो, असा त्याचा मथितार्थ होता. तंबू कमी ठेवले, जुनेच चालवले, बैल पाळलेच नाहीत, तर उरलेले पैसे कोणाच्या खिशात जाणार हे सांगायला हिशेबनीस लागत नव्हता.

१८०८च्या मध्यावर मक्ता बंद झाला. निर्णय आधीच्या राजवटीत ठरला होता, पण तो अमलात आणण्याचा रोष नवे गव्हर्नर जॉर्ज बार्लो यांच्या वाट्याला आला. अधिकाऱ्यांनी मन्रोंवर अब्रुनुकसानीचा आरोप ठेवला. सरसेनापती मॅकडॉवल यांनी जानेवारी १८०९मध्ये त्यांना अटक केली, बार्लोंनी त्यांना सोडवलं, मॅकडॉवल संतापून विलायतेला निघाले आणि परतीच्या प्रवासात त्यांचं जहाज समुद्रात बेपत्ता झालं. ते वर्ष मद्रासच्या इतिहासात ‘गोऱ्यांचं बंड’ म्हणून नोंदलं गेलं. त्याच्या मुळाशी असलेली साधी गोष्ट त्या नावात कुठेच दिसत नाही: पावसात शिपायाच्या डोक्यावर धड कापड होतं की नव्हतं, याचा जाब कोणी तरी विचारला होता.

त्या काळात हा प्रश्न किरकोळ नव्हता. मराठी मुलखाला तो चांगलाच ठाऊक होता. सभासद बखरीतल्या अठरा कारखान्यांत फरासखाना आहे. डेरे, राहुट्या, कनाती, बिछायती सांभाळणारं हे खातं. पुण्यातल्या फरासखाना पोलीस चौकीचं नाव पेशव्यांच्या त्याच खात्यावरून आलं आहे. शिवकाळापासूनचा रिवाज असा, की पावसाळ्यात फौज छावणीला परतायची आणि दसरा झाला की मुलूखगिरीला निघायची. कापड कितीही असलं तरी सह्याद्रीतला आषाढ त्याखाली काढायचा नाही, एवढं शहाणपण त्या रिवाजात होतं. इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीने १८०३मध्ये नेमका हाच रिवाज हेरला. मद्रास फौजेच्या पलटणी घेऊन त्याने ऑगस्टमध्ये अहमदनगरवर हल्ला चढवला, कारण नद्या भरलेल्या असताना मराठी घोडदळाचे पाय बांधले जातात. भर पावसातली ती मोहीम त्याला झेपली ती बैल, तंबू आणि ते उभारणारे खलाशी यांच्या जोरावर.

सगळ्यांच्या नशिबी डेरा नसायचा. मराठी लष्कराच्या तळावर सरदाराचा डेरा मधोमध असे आणि भोवती पालांची गर्दी. दोन उभ्या काठ्या, त्यांवर एक आडवी, तिच्यावरून टाकलेली घोंगडी किंवा जाडंभरडं कापड, कडेला खुंट्या. दुकानदार, शिलेदार, मोतद्दार सगळे तशाच पालांखाली. मद्रासेत बंड पेटलं त्याच १८०९ साली टी. डी. ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर राजपुतान्यातून फिरत होता. त्याची पत्रं १८१३मध्ये छापून आली. त्या तळावरचं जगणं समजून घ्यायला आजही ती उपयोगी पडतात.

पण कापडाची खरी परीक्षा डोंगरावर होते, आणि ती परीक्षा मद्रासहून निघालेल्या एका वेगळ्याच लष्कराने दिली.

१० एप्रिल १८०२. मद्रासच्या दक्षिणेला सेंट थॉमस माउंटपाशी विल्यम लॅम्ब्टन या सर्वेक्षकाने साडेसात मैलांची एक रेषा मोजायला घेतली. शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, पेट्या तिकाटण्यांवर टेकवून, प्रत्येक वेळी तापमान टिपत. ऊन वाढलं की साखळी लांबते आणि केसभर लांबली तरी पुढे शेकडो मैलांचा हिशेब चुकतो. त्या रेषेवर पुढे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण उभं राहिलं, ज्याच्या गणितातून १८५६मध्ये एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट अशी जाहीर झाली. त्या गणितातला राधानाथ सिकदारांचा वाटा आता सर्वमान्य आहे.

या सर्वेक्षणाची गोष्ट नेहमी यंत्राभोवती फिरते. ते यंत्र होतंच तसं. लंडनच्या विल्यम कॅरीने घडवलेलं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, वाटेत फ्रेंचांनी पकडलेलं आणि मॉरिशसच्या गव्हर्नरने सौजन्याने मद्रासला पाठवून दिलेलं. १८०८मध्ये, म्हणजे तंबूचा मक्ता बंद झाला त्याच वर्षी, ते तंजावरला पोहोचलं. कावेरीच्या सपाट, माडांनी भरलेल्या खोऱ्यात टेकडी नाही, म्हणून देवळांच्या उंचवट्यांवरून निरीक्षण करायचं होतं. गादीवर सरफोजी राजे होते. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख त्यांनी पाचच वर्षांपूर्वी कोरवून घेतला होता. त्याच देवळावर यंत्र चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं आणि त्याचं मोठं चक्र वाकलं.

लॅम्ब्टन त्रिचनापल्लीला गेला आणि तिथे त्याने एका तंबूत स्वतःला कोंडून घेतलं. मुख्य कारागिरांखेरीज आत कोणाला प्रवेश नव्हता. पाचरी, स्क्रू, कप्प्या लावत त्याने सुमारे सहा आठवड्यांत ते चक्र पुन्हा गोल केलं. पुढची कित्येक वर्षं त्याच यंत्रावर काम चाललं. इतकी नाजूक दुरुस्ती कापडी छपराखाली झाली.

डोंगरमाथ्यावर अडचण निराळी होती. दूरच्या टेकडीवरची खूण दिसायला हवा स्वच्छ लागते, आणि दख्खनमध्ये हवा धुऊन निघते ती पावसाच्या सरींमध्ये. म्हणून सुरुवातीच्या काळात सर्वेक्षणाच्या तुकड्या नेमक्या पावसाळ्यातच माथ्यांवर बसत. मद्रासपासून मंगळूरपर्यंत त्रिकोण विणताना लॅम्ब्टनला द्वीपकल्प नकाशापेक्षा सुमारे चाळीस मैलांनी अरुंद सापडलं. त्या शोधामागे घाटमाथ्यावर ढग हटण्याची वाट बघण्यात गेलेले कितीतरी दिवस आहेत. सुती कॅनव्हासचा स्वभाव त्या दिवसांत प्रत्येकाला कळला असणार. पाणी लागलं की सूत फुगतं, विणीतली भोकं बुजतात आणि कापड पाणी अडवू लागतं. पण आतून कोणाचा खांदा किंवा पेटी टेकली, की त्याच जागेवरून थेंब ओघळायला लागतात. ओला तंबू वजनाने जनावराला झेपत नाही आणि ओलाच गुंडाळला तर दोन दिवसांत बुरशी धरतो. म्हणून हिंदुस्थानी तंबू दुहेरी करत: आतलं कापड, त्यावर वीतभर अंतर सोडून बाहेरचं छत. पाऊस बाहेरच्यावर, आत कोरडं, मधून वारा. आज गिर्यारोहक झाडांना टांगलेल्या झोळीवर जी ताडपत्री ताणतो ती म्हणजे या दुहेरी तंबूचं फक्त बाहेरचं छत.

१८१९मध्ये लॅम्ब्टनचा नवा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट कृष्णा-गोदावरीमधल्या येल्लापुरमच्या जंगलात पावसाळी काम करत होता. तुकडीला हिवतापाने गाठलं. आजाऱ्यांना हैदराबादला उचलून न्यावं लागलं, वाटेत माणसं दगावली, आणि एव्हरेस्टला प्रकृतीसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या केपला जावं लागलं. पुढे त्याने पावसाळा सोडून दिला आणि कोरड्या ऋतूत रात्री दिवे लावून निरीक्षणं घ्यायला सुरुवात केली. छत सुधारून भागेना तेव्हा वेळापत्रक बदललं. तोवर लॅम्ब्टन उरला नव्हता. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या मुक्कामी तो वारला. मद्रासच्या टेकडीवरून निघालेल्या या माणसाची कबर विदर्भात आहे, आणि हिंगणघाटबाहेरच्या मराठी वाचकाला हे क्वचितच माहीत असतं.

यंत्रं उचलणाऱ्यांची, तंबू ठोकणाऱ्यांची नावं तर कुठेच नाहीत. १८६०मध्ये स्पितीमधल्या शिल्ला शिखरावर सर्वेक्षणाच्या एका खलाशाने निशाणाची काठी नेऊन रोवली. शिखर २३ हजार फुटांच्या वर आहे असं तेव्हा मोजलं गेलं आणि माणूस इतक्या उंचीवर गेल्याचा तो विक्रम म्हणून कित्येक दशकं गिर्यारोहणाच्या पुस्तकांत मिरवत राहिला. नव्या मोजणीत उंची वीस हजारांच्या घरात आली. तरीही १८६०च्या मानाने ती चढाई अफाट आहे. त्या खलाशाचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. तंबूचा भत्ता कोणाला मिळावा यावर राजधानी हादरली, आणि तंबू उभारणाऱ्याचं नाव कागदावर आलं नाही. या इतिहासातली ही उणीव आता भरून निघणं कठीण आहे, म्हणून ती निदान सांगितली गेली पाहिजे.

झोळीचीही एक वाट मद्रास इलाख्यातूनच जाते. मलबार आणि कानडा किनाऱ्यावर, निलगिरीच्या चढावर ‘मंचिल’ चालायची. जाड कापडाची झोळी एका लांब बांबूला दोन टोकांनी अडकवायची, प्रवासी तीत आडवा आणि बांबू भोयांच्या खांद्यावर. बांबूवरून सरकवता येईल असं कापडी आच्छादन टाकलेलं असे. ऊन फिरलं की ते या बाजूला ओढायचं, सर आली की त्या बाजूला. सिंकोनाची रोपं घेऊन १८६०मध्ये निलगिरीला आलेल्या क्लेमंट्स मार्कमने आपल्या प्रवासवर्णनात या वाहनाची नोंद केली आहे. हिमालयात याचीच भावंडं ‘डंडी’ नावाने वावरत होती. सह्याद्रीतल्या रस्ता नसलेल्या वाड्यांवरून आजारी माणसाला आजही बांबूच्या झोळीतून खाली आणतात आणि पावसात वरून प्लास्टिक टाकतात. म्हणजे अमेरिकेतल्या तायनो लोकांची झोळी कोलंबसाने १४९२मध्ये पाहिली, ब्रिटिश आरमाराने ती उचलली, ते सगळं खरंच. पण वर छत आणि खाली झोळी ही जोडी इथल्या घाटांतही जमली होती.

मंचिलीचं सरकतं आच्छादन हा या इतिहासातला सर्वांत शहाणा तुकडा आहे. डोंगरात पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो. छत किती जाड यापेक्षा ते वाऱ्याच्या बाजूला किती खाली आणता येतं याला महत्त्व. निलगिरीच्या तोडा आदिवासींना हे फार आधी कळलं होतं. त्यांचं पारंपरिक घर अर्ध्या पिंपासारखं गोल, छप्पर जमिनीपर्यंत उतरलेलं आणि दार इतकं ठेंगणं की रांगतच आत जावं लागतं. कोकणातल्या शेतकऱ्याचं इरलंही पाठीवरून खाली उतरतं. वाऱ्याला धरायला कडा मिळू द्यायची नाही, हीच दोन्हींची रीत.

कापड बदललं ते नंतर. चार्ल्स मॅकिंटॉशने रबर लावलेल्या कापडाचं पेटंट घेतलं ते १८२३ साली, लॅम्ब्टन गेला त्याच वर्षी. गारठ्यात ते कडक व्हायचं आणि उन्हात चिकट. मद्रासच्या हवेत त्याचा काय उपयोग होता! गुडइयरने रबर पक्कं करण्याची रीत शोधल्यावर ही अडचण सुटली. इकडे मद्रासमध्ये पेरांबूरला बिन्नी कंपनीच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्या १८७० आणि ८०च्या दशकांत सुरू झाल्या. त्यांची पक्क्या रंगाची खाकी फौजेच्या अंगावर जगभर फिरली. तंबूंसाठी नाव झालं ते कानपूरच्या एल्गिन आणि म्युर गिरण्यांचं. पेरांबूरच्या कामगारांनी १९१८मध्ये मद्रास लेबर युनियन उभी केली. देशातल्या पहिल्या संघटित कामगार संघटनांत तिची गणना होते. १९९६मध्ये त्या गिरण्या बंद पडल्या.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने जंगलासाठी खास झोळी काढली: मच्छरदाणी शिवलेली, वर पाणी न झिरपणारं छत. आजच्या झोळीतल्या मुक्कामाची ती थेट आजी. नायलॉन, पॉलिएस्टर, सिलिकॉनचा लेप या गोष्टी त्यानंतर आल्या.

आता चेन्नईतून शुक्रवारी रात्री डोंगराकडे निघणाऱ्या माणसापुढे प्रश्न उरतो तो जुनाच: कोणतं छत न्यायचं. शहराला पाऊस देतो तो ईशान्य मोसमी वारा, ऑक्टोबर ते डिसेंबर. निलगिरीला मात्र दोन्ही पावसाळे भेटतात. पश्चिम उतारावर अव्हलांचीला ऑगस्ट २०१९मध्ये एका दिवसात ८० सेंटीमीटरहून अधिक पाऊस पडला, म्हणजे चेन्नईच्या वर्षभराच्या पावसाच्या निम्म्याहून जास्त. पूर्व उतारावरच्या कुन्नूर-कोटगिरीला नोव्हेंबर २००९च्या पावसात दरडींनी चाळीसहून अधिक माणसं गिळली. दोन ठिकाणांत सरळ रेषेत थोडंच अंतर. म्हणून कुठल्या महिन्यात कुठल्या उतारावर, हे ठरवल्याशिवाय ताडपत्रीची निवड सुरूच करू नये. या दोन महिन्यांत त्या त्या उतारावर कुठलंही कापड पुरत नाही. तिथे जुन्या छावणीचाच रिवाज बरा.

एरवीच्या चंचल हवेसाठी काही गोष्टी पक्क्या आहेत. ताडपत्रीची मधली कड झोळीपेक्षा दोन्ही टोकांना निदान अर्धा फूट जास्त हवी, म्हणजे अकरा फुटी झोळीला बारा फुटी छत. शंकरपाळ्याच्या आकाराची लहान ताडपत्री हलकी असते, पण वारा फिरला की दोन्ही बाजू उघड्या पडतात. सहा कोनांची किंवा आयताकृती, टोकं आत दुमडून दारासारखी बंद करता येणारी असेल तर वजन थोडं वाढतं आणि रात्र कोरडी जाते. डोंगरात ते वजन उचलावं. नायलॉन ओलं झालं की पाणी पिऊन सैल पडतं आणि मध्यरात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर तसं ढिलं पडत नाही. बाजारातली निळी प्लास्टिकची ताडपत्री स्वस्त असते, पण तिच्या कडेची धातूची डोळी वाऱ्याच्या झटक्यात आधी फाटतात.

चेन्नईकरांनी एक गोष्ट फार जपावी. पॉलियुरेथेनचा लेप असलेलं कापड दमट, गरम कपाटात वर्षभर घडी करून ठेवलं, की लेप चिकट होऊन सोलवटतो. मॅकिंटॉशच्या कापडाची जुनी तक्रार नव्या रूपात परत येते. सिलिकॉनचा लेप या हवेत जास्त टिकतो. कोणतंही असलं तरी घरी आल्यावर पंख्याखाली पूर्ण वाळवून मगच ठेवायचं.

बांधताना आणखी एक बारकावा. पावसाचं पाणी झाडाच्या बुंध्यावरून झोळीच्या पट्ट्यावर येतं आणि पट्ट्यावरून थेट पायाशी, मग पाठीखाली. छताच्या आत, पट्ट्यावर सुती दोऱ्याचा छोटा तुकडा लोंबता बांधला की पाणी तिथेच थेंब थेंब गळतं. पट्टा चांगला दोन बोटं रुंद हवा, नाहीतर साल कापली जाते. निलगिरीतली उंच निलगिरी झाडं मद्रास इंजिनियर्सच्या कॅप्टन कॉटनने १८४३मध्ये ऑस्ट्रेलियातून आणून लावली. त्यांच्या वाळक्या फांद्या वाऱ्यात अचानक खाली येतात, म्हणून त्यांच्याखाली झोळी टांगू नये.

कुरंगणीच्या मार्च २०१८च्या वणव्यात ट्रेकला गेलेली माणसं होरपळून मेली, त्यानंतर तामिळनाडूत जंगलातल्या भटकंतीवर कडक बंधनं आली. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये वनखात्याने ४० वाटा ऑनलाइन नोंदणीने खुल्या केल्या. राखीव जंगलात परवानगीशिवाय रात्री राहता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून येरकाड, कोटगिरी, कोडाईकडच्या खासगी कॉफी मळ्यांत परवानगी घेऊन झोळ्या लावलेल्या बऱ्या. कॉफीला सावली द्यायला लावलेली सिल्व्हर ओकची झाडं सरळ, भरीव आणि ओळीने उभी असतात. बारा ते पंधरा फुटांवरची दोन निवडायची, वाऱ्याकडची कड गुडघ्याच्या खाली ओढून घ्यायची आणि दुसरी थोडी वर ठेवायची, म्हणजे आतली वाफ बाहेर जाते.